आबा म्हणतात ७.६२ ची रायफल परत आली, दादा म्हणतो ही ती नव्हे. खरं कोणाचं?

खटावची_लेक (वडूज)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात दिवाळीपासून एक भांडण पेटलंय, ते विझवायला इथं आलेय.

आमच्याकडं तीन पिढ्या फौजेत. आबा, म्हणजे आजोबा, १९६८ ला मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग, हातात एसएलआर रायफल. धाकटे चुलते, नाना, इन्सासवाले. आणि आता दादा. दादा दिवाळीच्या सुट्टीला आला आणि जेवता जेवता बोलून गेला की त्यांची इन्सास जमा झाली, एके-२०३ मिळाली, ७.६२ ची. आबा पडवीत डेअरीचं दूध मोजत होते. तिथूनच आवाज आला, "म्हणलं नव्हतं? आमची ७.६२ काढून पोरांच्या हातात ५.५६ ची काडी दिली. पंचवीस वर्षं फिरून फिरून आले परत आमच्याच दारात!"

इन्सासला काडी म्हटल्यावर नाना ताटावरून उठले. दादा एवढंच म्हणाला, "आबा, ही ती ७.६२ नव्हे." पुढं विचारलं तर तोंड उघडेना. नोकरीतलं घरात बोलायचं नाही, हा त्याचा नियम.

मी पोलीस भरतीची तयारी करतेय. आमच्या जीकेच्या पुस्तकात एसएलआरपुढं ७.६२, इन्सासपुढं ५.५६, एके-२०३ पुढं परत ७.६२ आणि 'कोरवा, जि. अमेठी' एवढंच छापलंय. पाठ आहे. पण आकडा तोच असेल तर वेगळं काय? आणि मधी ५.५६ आणली कशाला, सोडली कशाला? आबांना पटेल असं सांगा. 'नेटवर लिहिलंय' म्हटलं की ते कानातलं मशीन काढून ठेवतात.

कृष्णाकाठचा_पक्या (सांगली)

सोपं आहे ताई. ५.५६ नं माणूस मरत नाही, जखमी होतो. एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघं लागतात, म्हणजे एका गोळीत तीन माणसं कमी. पण अतिरेकी जखमी झाला तर त्याला उचलायला कोण येतंय? म्हणून परत ७.६२. विषय संपला.

आर्मरर_तासगाव

पक्याभाऊ, विषय एवढ्यात संपत असता तर सरकारनं मला बावीस वर्षं पगार कशाचा दिला?

पोरी, आधी आबांना माझा रामराम सांग. मी फौजेत आर्मरर होतो. म्हणजे हत्यारं चालवणारा नाही, दुरुस्त करणारा. एसएलआर, इन्सास, एके, तिन्हीचं पोट उघडून बघितलंय. २०३ माझ्या रिटायरमेंटनंतरची, ती हातात धरली नाही, पण तिची आजी, एके-४७, मला तोंडपाठ आहे. आता तासगावात फवारणी पंप दुरुस्त करतो. कुठली पलटण, कुठं पोस्टिंग ते विचारू नका, सांगणार नाही.

दादा बरोबर आहे. आबा अर्धे बरोबर आहेत.

७.६२ म्हणजे नळीच्या भोकाचं माप, मिलिमीटरमध्ये. त्या भोकातनं काय जातं ते त्यात येत नाही. पुढचा आकडा बघायचा, तो तुझ्या पुस्तकानं गाळलाय. आबांची एसएलआर ७.६२ × ५१. एके, मग ती ४७ असो नाहीतर २०३, ७.६२ × ३९. हा दुसरा आकडा काडतुसाच्या पुंगळीच्या लांबीचा. ५१ मिलिमीटरच्या पुंगळीत दारू जास्त, ३९ च्या पुंगळीत कमी. दोन इंची पाईप विहिरीवर पण असतो आणि मोरीला पण असतो. मागं मोटर किती एचपीची आहे ते बघा की!

आबांच्या काडतुसाची गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची, नळीतनं सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास सुटते. एकेची गोळी आठ ग्रॅमची, ७१५ च्या आसपास. इन्सासची चारच ग्रॅमची, पण ९०० च्या घरात पळते. ताकद मोजली तर एसएलआरची गोळी इन्सासच्या जवळजवळ दुप्पट. एके दोघींच्या मधी, पण इन्सासच्या जवळ. आबांनी हे वाचलं की मिशीला पीळ देतील, देऊ दे.

आता ५.५६ आणली कशाला. पक्यानं सांगितलेली जखमीची गोष्ट मी पण वर्गात उस्तादाच्या तोंडून ऐकलीय, प्रत्येक पलटणीत ती चालते. खरं कारण वजन आणि धक्का. एसएलआरची १०० काडतुसं उचल, जवळजवळ २ किलो ४०० ग्रॅम. इन्सासची १०० काडतुसं त्याच्या निम्मी. डोंगर चढणाऱ्या गड्याला विचार, सव्वा किलोचा फरक काय असतो. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. आणि धक्का कमी, म्हणजे दुसरी गोळी पहिलीच्या जवळपास जाते.

हे खूळ आपलं नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या लक्षात आलं की लांब पल्ल्याचं जड काडतूस शिपाई उगाच वागवतोय, बहुतेक मारामारी तीनशे-चारशे मीटरच्या आतच होतेय. त्यांनी काडतूस आखूड केलं, ७.९२ × ३३, आणि १९४४ ला त्या रायफलीचं नाव ठेवलं श्टुर्मगेवेर. श्टुर्म म्हणजे हल्ला. असॉल्ट रायफल हा शब्द तिथनं आला. मधलं काडतूस, एकेक पण सुटणार आणि पट्टा, म्हणजे सलग, पण सुटणार, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढता-घालता येणारं, अशी ती जात. या हिशोबानं एके असॉल्ट रायफल, इन्सासही. आबांची एसएलआर त्या जातीत बसत नाही. ती बॅटल रायफल, जुन्या पैलवानाच्या अंगाची. मग व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेनं ५.५६ काढली, १९७४ ला रशियानं सुद्धा एकेची ५.४५ केली, १९८० ला नाटोनं ५.५६ वर शिक्का मारला. सगळं जग बारीक नळीकडं चाललं असताना आपल्या पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-प्रयोगशाळेत, इन्सासचं डिझाईन झालं. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती लोकांनी बघितली आणि पुढच्याच वर्षी कारगिल.

इथं नानांच्या बाजूनं बोलतो. इन्सासला शिव्या घालणाऱ्यांनी तिचा नेम बघितलेला नसतो. मागच्या साईटला दोनच खुणा, २०० आणि ४००. चांगला फायरर असला तर ४०० ला टार्गेटवर ठिपके एका मुठीत नाही तरी एका परातीत गोळा व्हायचे. तिचं दुखणं दुसरीकडं होतं. पारदर्शक प्लॅस्टिकचं मॅगझिन, आत किती गोळ्या राहिल्या ते बाहेरनं दिसायचं, कल्पना एकदम झकास. पण कारगिलच्या थंडीत ती तडकली. वीस गोळ्यांचंच मॅगझिन, वर तीन-तीनचा बर्स्ट, सहा बर्स्टात गार. तेल डोळ्यात उडतं ही पण तक्रार होती. त्यातलं निम्मं तेल जवानानं जास्त ओतलेलं असायचं हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, पण निम्मंच.

माझ्या एका फायरिंगची गोष्ट सांगतो. सकाळी सहा रायफली बाजूला आल्या, सगळ्यांना स्टॉपेज. गोळी चेंबरमध्ये चढेना, वाकडी होऊन अडकायची. साहेब तापले, रायफली बाद करा म्हणाले. मी दोन तास मागून घेतले. गेज लावलं, सहाच्या सहा रायफली मापात. मग पांढऱ्या पट्टीवर पेनानं नंबर घालून एकेका मॅगझिनला चिकटवली आणि आलटून पालटून फायर करायला लावलं. दुपारपर्यंत दोन मॅगझिन निघाली. ओठ फाकलेले. म्हणजे तोंडाशी गोळीला धरून ठेवणाऱ्या ज्या दोन कडा असतात, त्या. तीच दोन मॅगझिन या हातातनं त्या हातात फिरत होती आणि सहा रायफलींना बदनाम करत होती. कोणीतरी दगडावर टाकली असणार, कबूल कोण करतंय? तेव्हापासून मला कोणी 'रायफल खराब आहे' म्हटलं की मी पहिल्यांदा हात पसरतो, मॅगझिन दाखव. पंपाचं पण तेच. 'काका, पंप प्रेशर धरत नाही' म्हणून आख्खा पंप खांद्यावर घेऊन येतात आणि गेलेला असतो पाच रुपयांचा वॉशर.

जावळीचा_हवालदार

काकांनी छान सांगितलं. पोलीसवाल्याचं थोडं ऐका.

ट्रेनिंगला मी एसएलआर दातओठ खाऊन खांद्याला लावली होती. उस्ताद सांगत होता दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाब, मी भीतीनं अर्धा इंच लांब धरली. चार दिवस खांदा जांभळा. ताई, तुमच्या वेळी हे लक्षात ठेवा, धक्क्याला घाबरून लांब धरली की जास्त लागतं. इन्सासला त्या मानानं काहीच नाही.

आणि २००८ ची रात्र आठवा. सीएसटीवर आपल्या लोकांच्या हातात .३०३. एक गोळी मारायची, बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, मग दुसरी. मॅगझिनमध्ये दहा. समोर एके, तीस गोळ्या, चाप दाबून धरला की संपेपर्यंत सुटतात. काडतुसाच्या ताकदीत .३०३ एकेच्या पुढंच आहे, पण त्या प्लॅटफॉर्मवर ताकद कोण मोजत होतं? आमच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर लाठी घेऊन उभे होते आणि त्यांनी चालू एकेची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. म्हणून कसाब जिवंत सापडला. २००९ ला मरणोत्तर अशोकचक्र. एकेची नळी फायर करताना किती तापते ते ज्यानं हात लावलाय त्याला माहीत.

खटावची_लेक (वडूज)

काका, हवालदार दादा, आभार. काकांचं उत्तर आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मोरीच्या पाईपवर हसले. 'निम्मं तेल जवानाचं' वर नाना हसले नाहीत.

आबांचं म्हणणं असं: "बरं, एकेचं काडतूस आखूड. मग एवढी बारीक आणून नेम चांगला होता म्हणता, तर आखूड पल्ल्याची जाड आणायची अक्कल कोणाची? आणि मला सांग म्हणावं, आमच्या एसएलआरला गॅसची चकती होती, हिला आहे का?" शेवटचं मला काही कळलं नाही, जसं बोलले तसं टाईप केलंय.

अजून एक माझं. आमच्या ॲकॅडमीच्या भिंतीवर कमांडोंचं पोस्टर आहे. त्यात एकाची रायफल विचित्र दिसते, मॅगझिन मुठीच्या मागं, जवळजवळ काखेत. ती कुठली? आणि स्पेशल युनिटवाले सगळे एकच रायफल का वापरत नाहीत?

आर्मरर_तासगाव

गॅसची चकती! आबा खरे फौजी, पोरी. हे वाचून मला सकाळी सकाळी बरं वाटलं.

गोळी नळीतनं जाताना मागचा थोडा धूर एका भोकातनं वर घेतात, तो पिस्टनला मागं ढकलतो, पिस्टन रिकामी पुंगळी बाहेर फेकून नवी गोळी चढवतो. एसएलआरला पुढच्या साईटच्या मागं एक फिरवायचं कडं होतं, रेग्युलेटर. धूर किती घ्यायचा ते त्यावर. रायफल घाण झाली, पुंगळी बाहेर पडेना, की कडं थोडं फिरवायचं, जास्त गॅस. स्वच्छ असली की परत मागं, नाहीतर रायफल स्वतःलाच हाणत राहते. फवारणी पंपाचा प्रेशरचा नॉब हुबेहूब. इन्सासलाही रेग्युलेटर होता, ती खूण एसएलआरच्या घराण्याची, पोटातला फिरणारा बोल्ट मात्र एकेचा.

एकेला चकती नाही. तिथं कायमच गरजेपेक्षा जास्त गॅस घेतलेला असतो. सुटे भाग जड आणि मधी सांधे मोकळे. चिखल, वाळू, काजळी, सगळं ढकलत नेते. किंमत म्हणजे हलते जास्त, आणि माझ्या कानाला ती नेहमी खुळखुळल्यासारखीच वाटली. अजून एक गंमत. एकेचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं का, तर काडतूसच निमुळतं आहे, बुडाला जाड, तोंडाला बारीक. तशी एकावर एक रचली की आपोआप कमान होते. निमुळतं असल्यामुळं पुंगळी चेंबरमधनं चटकन सुटते, अडकत नाही. मिखाईल कलाश्निकोव्ह हा रणगाड्यावरचा सार्जंट, १९४१ ला जखमी होऊन दवाखान्यात पडला होता, तिथं त्याच्या डोक्यात बंदूक शिरली. कॉलेज नाही, काही नाही. दुरुस्तीवाल्याचं डोकं ते, आमच्यातलंच.

आता अक्कल कोणाची. काश्मीरमध्ये गाठ पडते ती भाताच्या खाचरात, देवदाराच्या झाडीत, घराच्या जिन्यात. शंभर मीटर, कधी दहा. तिथं ४०० चा नेम पेटीत राहतो. लागते ती पहिल्या झटक्यात खाली बसवणारी, पानाफांदीतनं सरळ जाणारी आणि कधी न अडकणारी. म्हणून १९९० पासूनच तिथं आपल्या पलटणींच्या हातात एके दिसायची, कागदावर आधी एसएलआर आणि नंतर इन्सास असली तरी. मधी दोन नळ्यांची रायफल घ्यायचं ठरलं होतं, नळी बदलली की काडतूस बदलणार. २०११ ला टेंडर निघालं, २०१५ ला रद्द. ऐकायला भारी, पण कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यात, दोन नळ्या, दोन मॅगझिनं, दोन काडतुसं सांभाळणाऱ्याला विचारलं असतं तर चहा पिता पिता नको म्हणाला असता. शेवटी डिसेंबर २०२१ ला करार झाला, ६,०१,४२७ रायफली, रशियाबरोबर, कोरव्याच्या कारखान्यात बनवायच्या. वजन ३.८ किलो, दस्ता दुमडतो, वर दुर्बीण बसवायला पट्टी.

आणि आबांना गोड बातमी. त्यांची ५१ वाली पण परत आलीच आहे, दुसऱ्या दारानं. २०१९ ला अमेरिकेकडनं ७२,४०० सिग-७१६ घेतल्या, त्या ७.६२ × ५१. सीमेवर समोरच्या टेकडीवर गोळी पोचवायची असेल तिथं. जानेवारी २०२४ ला पाषाणच्याच एआरडीईनं 'उग्रम' दाखवली, ती पण ५१ ची, वजन चार किलोच्या आत. म्हणजे लांबच्याला ५१, जवळच्याला ३९. एकाच रायफलीनं दोन्ही करायला गेलो ती इन्सास. माझं मत विचारशील तर ती वाईट नव्हती, चुकीच्या ठिकाणी सासरी दिलेली होती.

पोस्टरवरची बहुतेक टॅव्हॉर असणार, इस्रायलची, नाहीतर तिची धाकटी बहीण एक्स-९५. आपले पॅराचे स्पेशल फोर्सवाले वापरतात, सीआरपीएफच्या कोब्रा या जंगल कमांडो तुकडीकडं एक्स-९५ आहे. दोन्ही ५.५६, नानांना सांग. या घडणीला बुलपप म्हणतात, पोटातली यंत्रणा दस्त्यात सरकवलेली. इन्सासची नळी ४६ सेंटिमीटर आणि एकूण लांबी ९६. मोठ्या टॅव्हॉरची नळी तेवढीच, एकूण लांबी फक्त ७२. म्हणजे नळी आखूड न करता वीतभर लांबी वाचवली. हेलिकॉप्टरच्या दारात, जिन्याच्या वळणावर ती वीत फार मोठी. तोटा असा की पुंगळी गालाजवळनं उडते. डावखुरा असेल तर बाहेर फेकायची बाजू बदलून द्यावी लागते, ते काम आर्मररचं.

एकच रायफल का नाही, तर काम एकच नाही म्हणून. ओलीस सोडवणाऱ्या एनएसजीच्या हातात २००८ ला एमपी-५ होती. ती असॉल्ट रायफलच नव्हे, पिस्तुलाचं ९ मिलिमीटर काडतूस मारते. मधल्या भिंतीपलीकडं माणसं कोंडलेली असतील तर गोळी आरपार जाऊन चालत नाही. तीच एमपी-५ गडचिरोलीच्या जंगलात दिली तर शंभर मीटरपुढं कोण भीक घालणार? तिथं पोलिसांच्या सी-६० पथकाकडं एके दिसते. भरतीच्या पेपरात एमपी-५ ला असॉल्ट रायफल असा पर्याय आला तर टिक करू नको.

कृष्णाकाठचा_पक्या (सांगली)

काका, म्हणजे माझी जखमीची थिअरी गेली?

आर्मरर_तासगाव

गेली नाही. कट्ट्यावर सांग. पेपरात लिहू नको.

जावळीचा_हवालदार

एकेच्या खटक्याचं राहिलं काका. सेफ करायची उजवीकडची ती मोठी पट्टी.

आर्मरर_तासगाव

हो की. वर सेफ, मधी पट्टा, सगळ्यात खाली एकेक. इन्सासला सेफनंतर आधी एकेक, मग बर्स्ट. इन्सासवरनं एकेवर आलेल्या जवानाचा अंगठा इथंच चुकायचा, एकेक समजून मधी थांबायचा आणि पाच-सहा सुटायच्या. घाबरून जोरात खाली दाबलीस तर मात्र एकेकवर जाऊन बसते. हा योगायोग म्हणायचा का त्या सार्जंटचं डोकं, मी ठरवू शकलेलो नाही. आणि तिचा 'खटॅक' आवाज रात्री फर्लांगभर जातो, त्यावर इलाज नाही.

खटावची_लेक (वडूज)

वाचून दाखवलं. आबा बराच वेळ गप्प होते. मग हवेत डावा हात पुढं करून अंगठा आणि बोटानं काहीतरी फिरवून दाखवलं, बहुधा तेच कडं. "पाचावर ठेवायचो," एवढंच म्हणाले. सिगचा आकडा दोनदा विचारून घेतला. नानांनी टॅव्हॉर ५.५६ ची आहे हे दादाला व्हॉट्सॲपवर कळवलंय, दादाचा नुसता अंगठा आला.

आता खरं काम. आबा विचारतायत, आमच्या आल्याच्या फवारणीचा एचटीपी पंप आठवडाभर प्रेशर धरत नाही. इथल्या मिस्त्रीनं नवीनच घ्या म्हणून सांगितलंय. विट्यावरनं तासगावला आणला तर बघाल का?

आर्मरर_तासगाव

आणा. आबांना घेऊन या. आणि मिस्त्रीनं काही काढून टाकलं असेल तर ते फेकू नका, कागदात बांधून आणा. झिजलं कुठं ते बघायचंय मला.